वेगळं व्हायचंच आहे, पण कोर्टात भांडायचं नाही (बडोदे) – माहिती आणि चर्चा

ताळेबंद | शनिवार, रात्री ९:४०

'बडोद्यात फॅमिली कोर्टासाठी खमका वकील सुचवा' अशी विचारणा इथे सारखी होत असते. खमका म्हणजे समोरच्याला लोळवणारा, हे न सांगता कळतं. प्रतिसादांत नावं येतात, नंबर व्यनितून (खाजगी निरोपातून) जातात, धागा खाली जातो. त्या नवराबायकोचं पुढे काय झालं ते कुणी लिहीत नाही.

मी वकील नाही, समुपदेशकही नाही. दांडिया बाजारात माझं सीएचं ऑफिस आहे. ओळखीतल्या एक वकीलबाई आणि एक मध्यस्थ अधूनमधून जोडपी माझ्याकडे पाठवतात, "आधी यांचा हिशेब लावून द्या, मग आम्ही कागद करतो" म्हणून. हे काम करता करता माझं एक मत पक्कं झालंय. घटस्फोटावर शिक्का कोर्टाचाच लागतो, त्याला पर्याय नाही. पण त्या शिक्क्याआधी जे ठरायचं असतं (पैसे, घर, दागिने, मुलं) ते कोर्टाबाहेर, कागद समोर ठेवून ठरलं तर दोघांचंही नुकसान कमी होतं. वकील करूच नका असं मी म्हणत नाही. भांडण वकिलाकडे सोपवण्याआधी हिशेब दोघांना माहीत असावा, एवढंच.

आधी एक गैरसमज काढून टाकते, कारण तो आपल्याकडे फार आहे. स्टॅम्पपेपरवर 'छुट्टाछेडा' लिहून, दोन साक्षीदार आणि नोटरीची सही घेतली म्हणजे घटस्फोट झाला, असं नसतं. काही समाजांत रूढीने फारकत देण्याची पद्धत आहे आणि हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ ने ती राखली आहे. पण ती रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते. देशस्थ, कोकणस्थ, सीकेपी, मराठा अशा आपल्या नेहमीच्या घरांनी त्या भरवशावर राहू नये. तो कागद कपाटात राहतो आणि दुसऱ्या लग्नाच्या वेळी किंवा व्हिसाच्या वेळी वर येतो.

कायदेशीर रस्ता म्हणजे परस्पर संमतीने घटस्फोट, कलम १३-ब. हे कलम १९५५ च्या मूळ कायद्यात नव्हतं, १९७६ च्या दुरुस्तीने आलं. (नोंदणी पद्धतीने लग्न केलेल्यांना विशेष विवाह कायद्यात कलम २८ आहे, मार्ग जवळपास तोच.) निदान एक वर्ष वेगळे राहत असाल, एकत्र नांदणं जमत नसेल आणि दोघांनी मिळून ठरवलं असेल, तर दोघांचा एकच अर्ज. मग सहा महिने थांबायचं आणि अठरा महिन्यांच्या आत पुन्हा येऊन 'आमचं अजून तेच म्हणणं आहे' असं सांगायचं. अर्जाच्या वेळी वेगळं राहून दीड वर्ष होऊन गेलं असेल, समेटाचे प्रयत्न संपले असतील आणि देणंघेणं, मुलांचा ताबा सगळं खरोखर मिटलेलं असेल, तर कोर्ट ते सहा महिने माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलंय. 'सगळं मिटलेलं असेल' ही अट नीट वाचा. बाहेर आधी ठरवून आलेल्यांनाच ती सवलत मिळते.

आता एक उदाहरण. ओळख पटेल असं सगळं बदललंय. तो मकरपुऱ्याला एका कंपनीत, ती शाळेत शिक्षिका. वासणा रोडला दोघांच्या नावावर फ्लॅट, त्यावर दोघांच्या नावावर कर्ज. मुलगी चौथीत.

कोणाचं काय चुकलं ते मी ऐकत बसत नाही. ते ऐकणारे घरी पुष्कळ असतात. दोघांना एकेक कोरा कागद दिला: मुलीवर महिन्याला काय खर्च होतो ते लिहा, एकमेकांचं बघू नका. त्याने एक ओळ लिहिली, 'मुलगी – ६०००'. तिने पान भरलं. व्हॅन, वर्षाची फी बारांत भागून, गणिताची शिकवणी, दातांच्या तारा, शाळेचे बूट वेगळे आणि पीटीचे वेगळे, नवरात्रीच्या चणियाचोळीचं भाडं, मैत्रिणींच्या वाढदिवसांच्या भेटी. बेरीज चौदा हजारांच्या वर गेली. त्याने कागद वरपासून खालपर्यंत वाचला, भेटींच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "हे दर महिन्याला?" ती म्हणाली, "तीस मुलं आहेत वर्गात." त्याने खिशातून पेन काढून स्वतःचे सहा हजार खोडले. पुढे आकड्यावर वाद झाला, नाही असं नाही, पण तो पाचशे-हजाराचा होता. हाच प्रश्न कोर्टात गेला असता तर तिने पंचवीस मागितले असते, त्याने पगारच कमी दाखवला असता आणि मुलीचे बूट कुठेच आले नसते.

खरी ओढाताण झाली ती उत्तरायणावर, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांवर. दोघांनाही १४ तारीखच हवी. १५ ची वासी उत्तरायण कुणालाच नको. पाऊण तास त्यात गेला. शेवटी सम वर्षी आईकडे, विषम वर्षी बाबांकडे. गणपती बाबांकडे कारण त्यांच्या घरी बसतो. मे महिना अर्धा अर्धा. आणि गरब्याला मुलगी जिच्याबरोबर जायचं म्हणेल तिच्याबरोबर. हे सगळं करारात लिहिलं. वकीलबाई हसल्या, पण त्यांनी एक ओळही गाळली नाही.

फ्लॅटबद्दल मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा: बँक तुमच्या करारात पक्षकार नसते. 'यापुढे हप्ते तो भरेल' असं तुम्ही लिहिलंत, कोर्टाने मान्य केलं, तरी बँकेच्या लेखी दोघंही कर्जदारच राहतात. त्याने हप्ता चुकवला तर तिचाही सिबिल खाली. म्हणून आधी बँकेत जाऊन विचारायचं, की एकाचं नाव काढून दुसऱ्याच्या एकट्याच्या पगारावर कर्ज चालू ठेवाल का. बँक नाही म्हणाली तर घर विकून वाटणी किंवा कर्ज दुसरीकडे हलवणं. घराचा हिस्सा सोडायचा तर हक्कसोडपत्र नोंदवायचं की हुकूमनाम्यातच (कोर्टाच्या अंतिम आदेशात) ते बसवायचं, मुद्रांक किती, हे वकिलाला आधी विचारा, नंतर नको. आणि पीएफ, विमा, डिमॅट, सगळीकडची नामांकनं बदला. घटस्फोट झाला म्हणून नॉमिनी आपोआप बदलत नाही.

बाकी चर्चेत येईलच. बडोद्यातले अनुभव लिहा, नावं न घेता.

---

शेवउसळ | शनिवार, रात्री १०:०५

ताई, धागा आवडला. पण आपल्याकडे मध्यस्थी नाही कशी? बैठक असतेच की. दोन मामा, एक आत्या, लग्न जमवणारे काका आणि 'हवे समाधान करी लो ने' (आता मिटवून टाका ना) म्हणणारे शेजारचे पटेल. चहा, मग खारी, मग रडारड.

ताळेबंद | शनिवार, रात्री १०:२२

@शेवउसळ, हो, आणि त्या बैठकीत ज्यांचं लग्न आहे ते दोघं सोडून सगळे बोलतात. :) बैठकीला माझा विरोध नाही, चांगली वडीलधारी माणसं असतील तर काम होतं. पण मामा हा मामाच असतो. तो भाचीचा माणूस. मध्यस्थ कुणाचाच नसावा लागतो. दुसरं म्हणजे बैठकीत ठरलेलं कुणी लिहीत नाही. आठवड्याने दोन्ही घरं वेगवेगळं सांगतात.

काळा_कोट | शनिवार, रात्री ११:१८

दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात रोजचा वावर आहे म्हणून लिहितो. (कोर्ट पूर्वी न्यायमंदिरात असताना सुरसागरच्या काठावर चहा तरी बरा मिळायचा. असो.)

ताळेबंदताईंनी लिहिलंय ते बरोबर आहे. काही भर घालतो.

'कोर्टाबाहेर मिटवा' हे सांगायला कायद्याला आमची गरज नाही. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्यातच कलम ९ आहे: आधी समेटाचा प्रयत्न करणं हे त्या कोर्टाचं कर्तव्य. त्याच कायद्याच्या कलम १३ प्रमाणे तिथे वकील उभा करणं हा तुमचा हक्क नाही, कोर्टाच्या परवानगीची बाब आहे. प्रत्यक्षात आम्ही असतोच, पण कायदा करणाऱ्यांच्या मनात काय होतं ते यातून दिसतं. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वैवाहिक वाद मध्यस्थीकडे पाठवावेत आणि मध्यस्थी केंद्रांनी दावा दाखल होण्याआधीच्या टप्प्यावरही असे वाद हाताळावेत. २०२३ मध्ये तर मध्यस्थीचा स्वतंत्र कायदा झाला.

पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. साध्या कागदावर अर्ज, ते समोरच्याला बोलावून घेतात. मध्यस्थीची फी नाही. स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी वकील मोफत मिळतो, १९८७ च्या कायद्याचं कलम १२. फोनवर विचारायचं तर १५१००. लोक म्हणतात 'फुकटचा वकील कसला देतात'. काही खरंच कसलेही देतात, पण काही माझ्यापेक्षा चांगले आहेत.

मध्यस्थाच्या खोलीत बोललेलं बाहेर जात नाही. मिटलं तर करार कोर्टाकडे जातो. मिटलं नाही तर फक्त 'मिटलं नाही' एवढंच. कोण काय म्हणालं, कोणी किती देऊ केलं, ते पुढे पुरावा म्हणून वापरता येत नाही. एक अपवाद ठेवा डोक्यात: मुलाच्या ताब्याचा वाद असेल तर समुपदेशकाने मुलाशी बोलून दिलेला अहवाल कोर्ट बघू शकतं. २०१९ चा निकाल आहे.

आता जिथे गाडी अडते ती जागा. १३-ब मध्ये हुकूमनामा होईपर्यंत कुणीही संमती मागे घेऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच हे स्पष्ट केलंय. म्हणून सगळे पैसे पहिल्या तारखेला देऊन मोकळं होऊ नका आणि सगळे शेवटी घेईन म्हणून बसूही नका. एक भाग अर्जाच्या वेळी, बाकीचा शेवटच्या जबाबाच्या दिवशी, डिमांड ड्राफ्टने, कोर्टासमोर. ड्राफ्टचा नंबर पुरसिसमध्ये (कोर्टाला द्यायच्या लेखी निवेदनात) लिहायचा. नवराबायकोने एकमेकांवर विश्वास ठेवावा, पण ड्राफ्टवर जास्त ठेवावा.

पोलीस तक्रार झालेली असेल (सासरच्या छळाचं पूर्वीचं ४९८-अ, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ८५) तर ती दोघांनी 'आमचं मिटलं' म्हटल्याने संपत नाही. रद्द करून घ्यायला अमदावादला हायकोर्टात जावं लागतं. तो खर्च आणि तो वेळ करारात धरा. कोण भरणार तेही लिहा.

नको_नाव | रविवार, सकाळी ७:५५

सगळं गोड गोड चाललंय म्हणून लिहिते. माझ्या नवऱ्याने 'आपण समजुतीने करू' म्हणत दोन वर्षं काढली. दर वेळी धंद्यात तोटा. पिशवीत जुनी बिलं घेऊन यायचा, घरचे म्हणायचे बिचारा. मी कोर्टात गेले. तिथे मालमत्ता आणि कर्जाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागलं, बँकेची पानं लावावी लागली. तेव्हा कळलं भाड्याने दिलेलं दुकान कुठे आहे. समजुतीने त्याने ते कधीच सांगितलं नसतं.

काळा_कोट | रविवार, सकाळी ८:४०

@नको_नाव, तुम्ही केलंत ते योग्यच. २०२० पासून पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही बाजूंनी ते प्रतिज्ञापत्र देणं सर्वोच्च न्यायालयाने बंधनकारक केलंय. पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची हेही त्याच निकालात आहे. बोलणी लांबवून पैसे वाचवणाऱ्यांना ते कळलं पाहिजे.

ताळेबंद | रविवार, सकाळी ९:१०

@नको_नाव, तुमचा मुद्दा अगदी मुळावरचा आहे. जो कागद दाखवत नाही त्याच्याशी समजूत होत नाही. म्हणूनच मी कोर्टात लागतो तोच प्रतिज्ञापत्राचा नमुना दोघांकडून पहिल्या आठवड्यात भरून घेते. तीन वर्षांची रिटर्न्स, सगळ्या खात्यांची स्टेटमेंट, कर्जं, सोनं. जो टाळाटाळ करतो त्याच्या समोरच्या माणसाला मी सरळ सांगते: इथे वेळ घालवू नका, वकील करा. सीएला बिलांची पिशवी लगेच ओळखू येते.

---

पादरावाली | रविवार, दुपारी १२:३०

वाचत होते. बरीच वर्षं पादऱ्याच्या बाजूच्या गावांत बायकांच्या संघटनांबरोबर काम केलं, त्यामुळे 'कोर्टाबाहेर मिटवा' हे वाक्य ऐकलं की आधी माझे कान टवकारतात. गावात कोर्टाबाहेरच मिटवत होते. जातपंचायत मिटवायची, सरपंच मिटवायचा. मिटवणं म्हणजे बाईने परत जायचं.

त्यावर बायकांनी काढलेलं उत्तर आपल्याच जिल्ह्यात जन्मलं आणि बडोद्याच्या मराठी घरांना त्याचा पत्ताही नसतो. १९९५ मध्ये महिला सामाख्या या सरकारी कार्यक्रमातल्या गावच्या बायकांनी नारी अदालत सुरू केली. शेतमजूर, कमी शिकलेल्या, काही अंगठा लावणाऱ्या. ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या जागी, सरकारी कचेऱ्यांच्या जवळपास, उघड्यावर बसायच्या. मुद्दाम तिथे, म्हणजे मामलतदार, पोलीस सगळे नजरेत. कायद्याने त्यांना कसलाच अधिकार नव्हता. नवऱ्याला निरोप जायचा, नाही आला तर बायका गावात जायच्या. ठरलेलं स्टॅम्पपेपरवर लिहून घ्यायच्या.

मला लक्षात राहिलंय ते सामान परत आणणं. मुलीला दिलेली भांडी सासरहून आणताना यादीवर बोट ठेवून एकेक वस्तू उचलायच्या. 'पितळेचं बेडुं (पाण्याचा हंडा), एक.' सासू म्हणणार हे आमचं. मग बेडुं उलटं करून बुडाशी कोरलेलं नाव बघायचं. मुलीच्या बापाचं नाव निघालं की विषय संपला. तिथे वकील काय करणार होता?

पुढे केंद्राने महिला सामाख्या योजना गुंडाळली, तो वेगळा राग. पण माझा मुद्दा: मध्यस्थी चांगली की वाईट हे खोलीत कोणाचं वजन जास्त आहे त्यावर ठरतं. मारहाण होत असेल तर मध्यस्थीची गोष्ट करू नका. आधी १८१ अभयम या महिला हेल्पलाइनला फोन, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षणाचा आदेश, राहत्या घराचा हक्क. मग बाई सुरक्षित जागी बसून ठरवेल तिला बोलायचंय का. भीत भीत दिलेली संमती ही संमती नव्हे.

ताळेबंद | रविवार, दुपारी १:१५

@पादरावाली, पूर्ण सहमत. धाग्याच्या सुरुवातीलाच ही ओळ ठळक अक्षरांत हवी. आमचे मध्यस्थ दोघांना एकत्र बसवण्याआधी वेगवेगळं भेटतात, ते याचसाठी. तिला एकटीला विचारलं की कळतं.

मांडवीकर | रविवार, दुपारी ३:०२

नारी अदालतीच्या आधीचंही आहे. कवांटकडच्या रंगपूरला (आता छोटा उदेपूर जिल्हा) हरिवल्लभ परीख यांनी १९४९ पासून आदिवासी गावांत लोकअदालत चालवली. झाडाखाली लोक जमायचे, दोन्ही बाजू पंच निवडायच्या. नवराबायकोची प्रकरणंच जास्त. उपेंद्र बक्षींसारख्या कायदेपंडिताने तिच्यावर अभ्यास केला होता. शेवटी गूळ वाटायची पद्धत होती. सरकारी लोकअदालती १९८२ मध्ये जुनागढकडून सुरू झाल्या, म्हणजे त्याही गुजरातच्याच.

आणि त्याही आधी आपले महाराज. सयाजीरावांनी १९३१ साली बडोदे संस्थानात हिंदूंना घटस्फोटाचा कायदा दिला. मुंबई इलाख्यात तो यायला १९४७ उजाडलं. देशात पहिलं बडोदंच!

ठेचा_भाकरी | रविवार, दुपारी ३:२०

पहिलं म्हणू नका, कोल्हापूरला शाहू महाराजांनी आधीच काडीमोडीचा कायदा केला होता. बाकी चालू द्या.

मांडवीकर | रविवार, दुपारी ३:३१

बरं, दोन्ही मराठी संस्थानंच. भांडण मिटलं, ड्राफ्ट नको.

---

एडिसनकर | रविवार, रात्री ११:४८

मूळचा अलकापुरीचा, आता न्यू जर्सीत. इथे माझ्या चुलतभावाचा घटस्फोट ज्या पद्धतीने झाला ती सांगतो, कारण ताळेबंदताई जे करतात ते तिचाच एक भाग आहे.

याला कोलॅबोरेटिव्ह डिव्होर्स म्हणतात. मिनियापोलिसच्या स्टुअर्ट वेब नावाच्या कौटुंबिक वकिलाने १९९० मध्ये ही पद्धत सुरू केली. कोर्टातल्या मारामाऱ्यांना कंटाळून त्याने जाहीर केलं की यापुढे तडजोडीपुरतंच वकीलपत्र घेईन, कोर्टात लढणार नाही. नंतर एकेक राज्याने कायदे केले, न्यू जर्सीचा २०१४ चा आहे.

मेख अशी: दोन्ही बाजूंचे आपापले वकील असतात, म्हणजे मध्यस्थीसारखं तुम्ही एकटे पडत नाही. पण सुरुवातीलाच चौघं एका करारावर सही करतात: बोलणी फिसकटली आणि कुणीही कोर्टात गेलं तर दोन्ही वकील बाजूला होणार. नवे वकील, पुन्हा पहिल्यापासून खर्च. त्यामुळे वकिलालाही भांडण वाढवण्यात फायदा उरत नाही. सगळी माहिती आपणहून उघड करायची ही अट. गरजेप्रमाणे पैशांसाठी एक तटस्थ माणूस आणि मुलांसाठी एक बालतज्ज्ञ, दोघांनी मिळून नेमायचे. भावाच्या वेळी त्या पैशांच्या माणसाने दोन घरं चालवायला किती लागेल याचं कोष्टक मांडलं, तेव्हा दोघांनाही कळलं की मोठं घर ठेवणं कुणालाच परवडणारं नाही.

वाईट बाजूही लिहितो. स्वस्त नाही. आणि अर्ध्यावर मोडलं तर ज्याच्याकडे पैसे कमी त्याला जास्त लागतं, कारण नवा वकील करायची ताकद त्याच्याकडे नसते. वहिनीला ती भीती शेवटपर्यंत होती.

इथला घटस्फोट तिकडे चालतो का, हे बडोद्याहून नेहमी विचारतात. वकीलसाहेब सांगतील.

काळा_कोट | सोमवार, सकाळी ८:०५

@एडिसनकर, १९९१ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने नियम घालून दिलेत. दोघांनीही तिथल्या कोर्टाचा अधिकार स्वेच्छेने मान्य केला असेल आणि दोघांची संमती असेल तर इथे अडचण सहसा येत नाही. एकाने तिथून परस्पर घेतलेला, दुसऱ्याला इथे फक्त नोटीस आलेला, तसा हुकूमनामा मात्र धोक्याचा.

तुम्ही सांगितलेल्या पद्धतीसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. पण दोन वकिलांनी आणि दोन्ही पक्षकारांनी तसं लिहून ठेवायला कुणाची हरकत नसते. बारच्या खोलीत हे बोललो तर चहा मलाच पाजावा लागेल, ते सोडा.

शेवउसळ | सोमवार, सकाळी ९:३०

म्हणजे भांडण मिटलं तर वकिलाला फी आणि पेटलं तर वकील घरी? आवडलं. क्रांती आहे.

गोत्रीचा_मुलगा | सोमवार, रात्री १०:१०

आईबाबांचा घटस्फोट झाला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. आता नोकरी करतो. त्यांचं 'समजुतीने' झालं, सगळे कौतुक करतात. करारात माझे रविवार वाटलेले होते. रविवारी माझी क्रिकेटची मॅच असायची. ते कुणाला माहीत नव्हतं असं नाही, विचारलं नाही. तक्रार नाही, पण तुम्ही लोक कोष्टकं करताय म्हणून लिहिलं.

ताळेबंद | सोमवार, रात्री १०:३५

@गोत्रीचा_मुलगा, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. मुलांचं वेळापत्रक करताना क्लास, मॅच, परीक्षा यांचा रकाना आधी भरायचा आणि मग आईबाबांचा. तो करार दगडावरची रेघ नसतो, हेही पालकांना सांगायला हवं: मुलांबाबतची कलमं मूल मोठं होईल तशी बदलून घेता येतात, कोर्टाला तो अधिकार कायम असतो. आणखी एक, मुलाची पोटगी ही मुलाची असते. 'मला काही नको, फक्त सोडा' म्हणत आई स्वतःचा हक्क सोडू शकते, मुलाचा नाही.

---

वाघोडियारोड | मंगळवार, रात्री ९:२०

पहिल्यांदाच लिहितोय. आम्ही दीड वर्षापासून वेगळे राहतो. पोलीस, मारहाण असं काही नाही, जमलं नाही एवढंच. मूल नाही. तिच्या माहेरच्यांनी तिकडे वकील केलाय असं कळलं, त्यामुळे माझे मोठे भाऊ म्हणतात आपण आधी केस टाकू, नाहीतर मागे पडू. मला तसं नको. पण तिला थेट फोन केला तर तिचे बाबा उचलतात. मध्यस्थीचं तिला कळवायचं कसं? आणि खर्च वाटून घ्यायचा असतो की ज्याने बोलावलं त्याने द्यायचा?

काळा_कोट | मंगळवार, रात्री ९:५५

आधी केस टाकली म्हणून कुणी पुढे जात नाही, भावांना सांगा. तिने वकील केला हे वाईट नाही, उलट पत्र पाठवायला पत्ता मिळाला. तुमच्या वकिलातर्फे त्यांच्या वकिलाला साधं पत्र: मध्यस्थीला तयार आहोत, मध्यस्थाचं नाव तुम्ही सुचवा. आरोपाचं एक वाक्यही नको, 'माझ्या अशिलाची काही चूक नसताना' असली सुरुवात नको. ते नको असेल तर विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्या, बोलावणं त्यांच्याकडून जाईल. सरकारी कागद आला की बाबाही फोन मुलीच्या हातात देतात. तिथे फी नाहीच. खाजगी मध्यस्थ घेतला तर निम्मी निम्मी. एकाने सगळी दिली की दुसऱ्याला तो त्याचा माणूस वाटायला लागतो.

पादरावाली | मंगळवार, रात्री १०:१०

पत्रात एक ओळ घाला: तिला हव्या त्या व्यक्तीला घेऊन यावं, मैत्रीण चालेल. आणि जागा तिच्या सोयीची. वाघोडिया रोडला तुमच्या घरी बोलावू नका.

वाघोडियारोड | मंगळवार, रात्री १०:४०

आभार. तिचं सोनं माझ्या आईच्या लॉकरमध्ये आहे. ते आधी द्यायचं की करारात? भाऊ म्हणतात ते हातात ठेव.

ताळेबंद | मंगळवार, रात्री ११:०५

हातात ठेवू नका. ते स्त्रीधन आहे, तिचंच आहे. अडवून ठेवलंत तर बोलणी तिथेच संपतील आणि उद्या तक्रारीत पहिली ओळ त्याचीच असेल. आईला घेऊन लॉकर उघडा, यादी करा, फोटो काढा. पाटल्या, तोडे, ठुशी, जे असेल ते. मांडवीत एखाद्या सोनाराकडे वजन करून पावती घ्या, तिच्याकडच्या माणसाला बरोबर बोलवा. पहिल्या भेटीत तिच्या हातात द्या आणि यादीवर दोघांच्या सह्या, तारखेसह. करारात फक्त 'दिलं, मिळालं' एवढा उल्लेख.

बाकी तुमची तीन वर्षांची रिटर्न्स, बँक स्टेटमेंट आणि पीएफचं पासबुक काढून ठेवा. लग्नाचा दाखला नसेल तर तो आधी. महापालिकेत लग्न नोंदवलंय ना?

वाघोडियारोड | मंगळवार, रात्री ११:१२

नोंदवलंय. लॅमिनेट केलाय दाखला.

मांडवीकर | बुधवार, सकाळी ७:१५

ताई, रावपुऱ्यात आमचा चार भावांचा वाडा आहे, जिना कोणाचा यावर तीन पिढ्या बोलत नाहीत. त्यालाही हीच पद्धत चालेल का?

ताळेबंद | बुधवार, सकाळी ९:००

चालेल, पण वेगळा धागा काढा. आणि सिटी सर्व्हेचा उतारा हाताशी ठेवून काढा.